चांगला तुकडा

देऊळघाटात जयमालेला लग्नकार्याचं आमंत्रण येत नाही असं नाही. येतं. रीतसर हळदीकुंकू लावून पत्रिका देतात, "नक्की याचं बरं का" असंही म्हणतात. पण ती मांडवात गेली की बायका जराशा सरकून बसतात आणि नवरीच्या आईला एकदम आत काहीतरी काम आठवतं. कारण सगळ्या गावाला ठाऊक आहे. जयमाला बुलडाण्याच्या एका खासगी लॅबमध्ये कामाला आहे. माणसाच्या अंगातून कापून काढलेले तुकडे तिच्या टेबलावर येतात, आणि तिच्या टेबलावरून गेलेल्या बऱ्याच जणांची तेरवी गावानं जेवलेली आहे. माणसं रोगानं गेली, जयमालेच्या हातानं नाही, हे गावाला कळत नाही असं थोडंच आहे? कळतं. पण घरात हळद लागलेली पोर असली की कळलेलं बाजूला राहतं आणि भीती पुढे येते.

जयमाला यावर हसायची. "माया अंगाले औषधाचा वास येते, म्हणून सरकतात बिचाऱ्या," म्हणायची. ऊन, वारा, तिरके बोल, काही असलं तरी ताठ चालणारी बाई. लग्न होऊन दुसरबीडला गेली होती, तिथून परत आली. का आली हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांना असं उत्तर दिलं की त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मग तिनं लॅबचा कोर्स केला. आधी बाटल्या धुतल्या, मग रक्ताच्या नळ्या सांभाळल्या, आणि शेवटी तुकड्यांच्या टेबलावर आली ती तिथलीच झाली.

तिचं काम म्हटलं तर किचकट, म्हटलं तर रोजच्या रांध्यासारखं. तुकडा फॉर्मलिन नावाच्या उग्र वासाच्या पाण्यात येतो. त्यातलं पाणी काढून, मेणात घालून त्याची वडी करायची. मग ती वडी यंत्रावर चढवून कांद्याच्या पापुद्र्यालाही लाजवील अशी पातळ चकती काढायची, कोमट पाण्यावर तरंगवायची आणि काचेवर अलगद उचलायची. या चकतीला स्वतःचा रंग नसतो. काचेवर काही आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. ते कळतं रंग दिल्यावर. आधी निळा रंग, तो पेशींच्या पोटातल्या गोळ्याला, केंद्रकाला धरतो. मग गुलाबी, तो बाकी सगळ्याला. निळा रंग किती वेळ ठेवायचा, किती धुवायचा, यातच सगळी मेख. जयमाला तो बोअरच्या जड पाण्यात धुवायची, त्यात निळाई खुलते म्हणायची. तिच्या काचा इतक्या स्वच्छ यायच्या, की मोठ्या शहरातल्या लॅबवाल्यांनी एकदा फोन करून विचारलं होतं, तुमच्याकडे रंग कोण देतं? तो फोन आला त्या दिवशी ती घरी जाताना वाट वाकडी करून बाजारात गेली आणि स्वतःसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. आयुष्यात तिला अभिमान वाटावा अशी ही एकच गोष्ट होती, आणि तिला ती मिरवायला आवडायचं.

काच वाचायचं काम डॉक्टर फलक यांचं. बुलडाण्याचीच मुलगी, बाहेर शिकून परत आलेली, शांत आणि काटेकोर. स्नायू, चरबी, शिरा अशा मऊ भागांत जो कर्करोग होतो, त्याला सार्कोमा म्हणतात, हे तिनंच जयमालेला सांगितलं होतं. तो नुसता आहे की नाही हे पाहून भागत नाही, तो किती दांडगा आहे हेही पाहावं लागतं.

"तीन प्रश्न विचारायचे काचेला," डॉक्टर फलक म्हणायची. "पेशी अजून आपल्या मूळ घरच्यासारख्या दिसतात, की ओळख सोडून बसल्यात? किती पेशी फुटून दोनाच्या चार होतायत? आणि गाठीच्या आत मेलेला, सडलेला भाग किती आहे? वाढ इतकी अघोरी असेल की रक्त पुरेना, तर गाठ मधूनच मरायला लागते. या तिन्हींची बेरीज म्हणजे ग्रेड. एक असेल तर माणसाकडे वेळ आहे. तीन असेल तर रोग फुफ्फुसाच्या वाटेला लागलेला असतो, आपल्याला धावावं लागतं."

जयमालेनं हे ऐकून घेतलं होतं आणि स्वतःशी एक नियम केला होता. कुणी कितीही विचारलं तरी निकालाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. गावातली माणसं बाटल्या तिच्याच हाती द्यायची, लॅबपर्यंत न्यायला. ती त्यांना एकच विचारायची, "पूर्ण आणलं ना? काही घरी तं नाही ठेवलं?" एवढं विचारून ती बाटली पिशवीत घालायची.

घरी माय जनकाबाई, धाकटा भाऊ दयाराम आणि त्याची बायको रुपाली. घरचा भाजीचा मळा. वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. जनकाबाई बुलडाण्याच्या बाजारात बसायची तेव्हा तिच्या पाटीतली वरची वांगी अशी तुकतुकीत असायची, की गिऱ्हाईक खालच्यांकडे बघायचंच विसरायचं. यात लबाडी आहे असं तिला कधी वाटलं नाही. आपल्या घरचं चारचौघांत जायचं, तर चांगलं तेच पुढे करायचं, ही तिची रीत. पाहुण्यासमोर फुटकी बशी नाही, व्यापाऱ्यासमोर किडका नमुना नाही. लेकराच्या बाबतीत तर ती याहून कडक. दयाराम शाळेत नापास झाला होता, तेव्हा तिनं गावभर सांगितलं की त्याला मास्तर चांगला मिळाला नाही.

दयारामच्या मांडीत गाठ होती. कधीपासून, हे देवाला माहीत. दुखत नव्हती, म्हणून त्यानं ती लुंगीखाली झाकून ठेवली. ज्या घरातली बाई रोज गाठीच हाताळते त्याच घरात तिच्यापासून गाठ लपवली गेली, याचं जयमालेला पुढे फार वाईट वाटलं. पण तो तिलाच भीत होता. "ताईच्या टेबलावर गेलं की झालं," असं तो रुपालीला म्हणाला होता. म्हणजे गाव जे बोलत होतं ते घरातही शिरलं होतं. हिवाळ्यात गाठ मुठीएवढी झाली, तेव्हा माय आणि रुपाली त्याला गुपचूप एका लहानशा दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरनं चरबीची गाठ म्हणून ती काढली, औषधाच्या पाण्यात घालून डब्यात दिली आणि "तपासून घ्या" म्हणाला. जयमालेला हे कळलं ते सगळं उरकल्यावर. ती चिडली, ओरडली, मग भावाच्या पायावरची पट्टी पाहून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं तिच्या हातात एक छोटी बाटली दिली. "घे, दयारामची गाठ हाय. मॅडमले म्हण, नीट पाहाजा."

बाटलीत पांढरा, घट्ट, सुपारीएवढा तुकडा होता. आणि जयमाला, जी दारात आलेल्या प्रत्येकाला पूर्ण आणलं का म्हणून विचारते, तिनं स्वतःच्या आईला ते विचारलं नाही. भावाचा जीव त्या बाटलीत आहे एवढंच तिला दिसत होतं. लॅबमध्ये डॉक्टर फलकनं तुकडा चिमट्यात धरला, फिरवून पाहिला. "जयमालाताई, गाठ एवढीच होती?"

"हाव मॅडम, एवढीच."

निघाला कर्करोगच. पण ग्रेड एक. पेशी अजून माणसात होत्या, फुटणाऱ्या शोधाव्या लागत होत्या आणि मेलेला भाग कुठे नव्हता. डॉक्टर फलकनं अहवालात लिहिलं की हे मत हाती आलेल्या तुकड्यापुरतं आहे, आणि तोंडानं सांगितलं, तरीही एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवा, पुढेमागे ती जागा पुन्हा साफ करावी लागेल. पण "एक" हा आकडा ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतं? जयमालेनं पहिल्यांदाच स्वतःचा नियम मोडला. पेढे घेऊन घरी गेली आणि दारातूनच सांगितलं. माय देवापुढे गेली. दयाराम म्हणाला, "मोठ्या डॉक्टरकडे जाऊ ना, मिरची निघू दे." जयमालेनंही जोर धरला नाही. वेळ आहे, असं तिलाही वाटलं.

होळी झाली. ऊन चढायला लागलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती न्हाणीजवळ कपडे धूत होती. परसातल्या शेवग्याखाली गावातलं एक कुत्रं माती उकरत होतं. नाक खुपसून, गुरगुरत, मागच्या पायांनी माती उडवत. जनकाबाई आतून काठी घेऊन धावत आली, त्याला हाकललं आणि धापा टाकत एक फुटका पाटा ओढून त्या जागेवर ठेवला. इतकी घाबरलेली माय जयमालेनं पाहिली नव्हती.

"माय, काय हाय तिथं? कुत्रं काऊन उकरून राह्यलं?"

"हळू बोल. दयारामची गाठ हाय."

"कोणती गाठ? गाठ तं मी लॅबमंदी नेली."

"तो तुकडा होता वं. गाठ मुठीएवढी होती. ज्याची नाळ म्या ह्याच झाडाखाली पुरली, त्याच्या अंगाचं का उकिरड्यावर फेकू देऊ? इथंच पुरली, नाळीजवळ."

जयमालेनं हातातलं कापड बादलीत टाकलं. "अन् मले देल्ला तो?"

"तो विळीवर कापला. चांगला पाहून कापला, कडेचा, पांढरा, घट्ट. मधलं तं विचारू नोको. काळंपिवळं, लिबलिबीत, बोट लावलं की आत जाये. तसलं कोणाले दाखवाचं? तुया मॅडम म्हणल्या असत्या, काय घाण घेऊन आली जयमाला. व्यापाऱ्याले नमुना देतो तं चांगलाच देतो ना आपण?" आणि मग शाबासकीची वाट पाहत तिनं विचारलं, "बरं केलं ना वं?"

जयमाला म्हणाली, "हाव माय. बरं केलं."

ती कपडे पिळत राहिली. गाठ मधूनच मेलेली होती. डॉक्टर फलकचा तिसरा प्रश्न, त्याचं उत्तर इथं पाट्याखाली पडलं होतं आणि ते कुत्र्याला कळलं, तिला कळलं नाही. तेवढ्यात मळ्यातून दयाराम गाणं गुणगुणत आला, लुंगी खोचून, नळाखाली पाय धरले आणि म्हणाला, "ताई, आज वांग्याचं भरीत कर ना." तो जरासा लंगडत होता. टाके अजून ओढतात, असं तो म्हणायचा. तिनं त्या मांडीकडे पाहिलं आणि वांगी घ्यायला आत गेली.

सोमवारी लॅब उघडायच्या आधीच ती डॉक्टर फलकच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. डॉक्टरनं सगळं ऐकलं. जुनी काच काढून पुन्हा पाहिली.

"काच खोटं बोलली नाही," ती शेवटी म्हणाली. "जेवढं तिच्यावर ठेवलं तेवढ्याचंच तिनं सांगितलं. कडेला एक ग्रेड आणि मध्ये दुसरी, असं या गाठींमध्ये होतं. म्हणून तर पूर्ण गाठ लागते."

"जमिनीतली काढून आणली तं?"

"औषध आतपर्यंत मुरायच्या आधीच ती मातीत गेली, इतक्या दिवसांनी तिच्यावर रंगच बसणार नाही. ती गेली. आता भावाला आणा. मांडीचा स्कॅन, छातीचा स्कॅन, आणि जागेवरून नवा तुकडा. पुढच्या आठवड्यात नाही, याच आठवड्यात." मग तिनं विचारलं, "आईंना सांगितलंत?"

"नाही. अन् सांगणार बी नाही. तिनं लेकासाठी निवडून देल्ला तो तुकडा, मॅडम. तिले हे समजलं तं ती चालतीबोलती मरून जाईल."

"मग भाऊ तयार कसा होईल? त्याच्या हातात चांगला अहवाल आहे."

याचं उत्तर जयमालेला वाटेत सुचलं, देऊळघाटच्या ऑटोत बसल्यावर, आणि सुचल्याबरोबर तिला इतकं वाईट वाटलं की शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाही का. पण दुसरा रस्ता दिसत नव्हता. घरी न जाता ती तशीच मळ्यात गेली. दयाराम मिरच्या तोडत होता.

"दया, पुन्हा तपासा लागते तुले. स्कॅन काढाचा हाय."

"काऊन? पहिला नंबर आला ना? तूच तं पेढे आणले."

"रंग चुकला माया हातून."

तो सरळ उभा राहिला. "म्हणजे?"

"निळा रंग जास्त धुतल्या गेला. मॅडमले जे दिसाले पाह्यजे ते नीट दिसलं नाही. आलेला नंबर खरा नाही, दया. उद्याच चाल."

त्यानं हातातल्या मिरच्या पाटीत टाकल्या आणि म्हणाला, "एवढ्या लोकाईचं केलं, तवा नाही चुकली. माया वक्तालेच बरी चुकली तू." पलीकडच्या वाफ्यात जनकाबाई निंदत होती. तिनं ऐकलं होतं. ती उठून आली, खुरपं हातात तसंच.

"म्या एवढा चांगला तुकडा देल्ला तुले," ती म्हणाली. "एवढा साफ. अन् तू त्याचं वाटोळं केलं? पाठच्या भावाचं करताना ध्यान कुठी होतं तुयं?"

जयमालेनं मान खाली घातली. एका वाक्यात सगळं उलटवता आलं असतं तिला. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं, आणि तिनं ते गिळलं. तिची चूक होतीच, असं ती मनाला समजावत राहिली. एवढीच होती का म्हणून मॅडमनं विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली होती.

स्कॅनमध्ये मांडीत पुन्हा काहीतरी दिसलं, जुन्या जागेवर, आणि जुन्यापेक्षा खोल. सर्जननं सुईनं तुकडे काढले. ते लॅबमध्ये आले त्या दिवशी दयाराम स्वतः बाटलीबरोबर आला. काउंटरवर न थांबता थेट डॉक्टर फलकच्या दारात उभा राहिला. जयमाला तिथेच होती.

"मॅडम, या वक्ती रंग दुसऱ्या कोणाच्या हातून लावजा. बहिणीनं मागच्या वक्ती बिघडवला."

डॉक्टर फलकनं चमकून जयमालेकडे पाहिलं. जयमाला फरशीकडे पाहत होती. डॉक्टरला खरं ठाऊक होतं, आणि हेही आत्ताच कळलं की हे खोटं कशासाठी उभं केलं आहे. लॅबच्या नावाला यानं डाग लागत होता. तरी ती म्हणाली, "रंग याच लावतील. यांच्यासारखा रंग माझ्याकडे दुसरं कुणी लावत नाही."

"ते तं दिसलंच," दयाराम म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जयमालेनं भावाच्या चकत्या काचेवर घेतल्या. एकदा तिच्या मनात येऊन गेलं, की आता खरंच रंग बिघडावा, काहीच दिसू नये, निदान आज तरी. पण हात मनाचं ऐकेनात. इतक्या वर्षांची सवय, ते आपल्या वेळी काच बुडवत होते, आपल्या वेळी काढत होते. बोअरच्या पाण्याखाली निळाई खुलली. मग गुलाबी. काच सुकली तेव्हा तिला ठाऊक होतं की यापेक्षा चांगली काच तिनं आजवर केलेली नाही.

रंग बसला का हे पाहायला प्रत्येक काच ती सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. हीही धरली. निळ्या केंद्रकांची नुसती रेटारेटी होती, एकासारखं दुसरं नाही, जिथं बघावं तिथं फुटून दोन होत असलेली. आणि त्यांच्यामध्ये मोठमोठे फिकट गुलाबी पट्टे, ज्यांत निळा ठिपकाच नव्हता. मेलेलं. सगळं स्वच्छ, लख्ख दिसत होतं, कारण रंग उत्तम बसला होता. तिनं दिवा बंद केला आणि काच डॉक्टर फलकच्या टेबलावर नेऊन ठेवली.

डॉक्टर फलकनं मोजायला फार वेळ घेतला. मग चष्मा काढून ठेवला.

"तीन," ती म्हणाली.

खात्रीसाठी मेणाची वडी मोठ्या शहरात पाठवली. तिथं एक वेगळा रंग देतात. ज्या पेशी फुटायच्या तयारीत असतात तेवढ्याच त्यात तपकिरी होतात, बाकीच्या निळ्या राहतात. जितकं तपकिरी जास्त, तितका पुढचा काळ कमी, असा त्याचा साधा अर्थ. तिकडून फोटो आला तो डॉक्टर फलकनं जयमालेला दाखवायचं टाळलं. पण ती मागे उभी होती, तिला पडद्यावर दिसलाच. निळं शोधावं लागत होतं.

"मॅडम, हे पहिल्याच वक्ती समजलं असतं तं?" तिनं विचारलं.

डॉक्टर फलक खोटं बोलणारी बाई नव्हती. "खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही, ताई. पण तेव्हा छाती साफ असण्याची शक्यता होती. मधले ते महिने फार मोलाचे होते."

छाती आता साफ नव्हती. दोन्ही फुफ्फुसांत बारीक ठिपके होते. शहरातल्या दवाखान्यात मांडीचं मोठं ऑपरेशन झालं, मग सलाइनमधून औषधं सुरू झाली. दयारामचे केस गेले, अंगावरचं मांस गेलं. रुपाली त्याच्याबरोबर जायची, यायची, आणि जयमालेशी कामापुरतं बोलायची. दयाराम तेवढंही बोलत नव्हता.

गावात तर ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली, आणि पसरवली जनकाबाईनंच. पाणवठ्यावर, बाजारात, ऐकेल त्याला ती सांगायची की पोरीनं रंग बिघडवला म्हणून पोराचा रोग लपला. लोकांना तर एवढंच हवं होतं. सिंधूताई, जी स्वतःच्या मावशीची बाटली मागच्या वर्षी विश्वासानं जयमालेच्या हाती देऊन गेली होती, ती या वेळी आपल्या दिराची बाटली पदराखाली झाकून जयमालेच्या दारावरून पुढे गेली आणि ऑटो करून दुसऱ्याच लॅबला पोचली. जयमालेनं तिला जाताना पाहिलं. हाक मारावी, निदान एवढं तरी सांगावं की पूर्ण नेताय ना, असं तिला फार वाटलं. पण तिच्या तोंडून आता ते कोण ऐकणार होतं? आधी लोक तिच्या टेबलाला भीत होते, तरी तिच्या हाताला मानत होते. आता भीती राहिली होती, मान गेला होता.

उन्हाळा भरात आला. एका सकाळी जनकाबाई परसात बाजेवर मुगवड्या घालत होती, आणि रुपाली शहरात असल्यामुळे हाताखाली जयमाला बसली होती. जनकाबाईनं पिठाचा हात पुसला.

"एक खरं सांगजो मले," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी ती लेकीच्या डोळ्यांत पाहून बोलत होती. "शहरातल्या डॉक्टरनं रुपालीले सांगतलं, पाऊस पडेपर्यंत टिकला तं टिकला म्हणून. तवाच, पहिल्याच वक्ती हे बरोबर समजलं असतं, तं माया दयाराम वाचला असता का?"

जयमालेनं वडी घालता घालता हात थांबवला. मायचा चेहरा वाळून सुपारीसारखा झाला होता. या बाईला उरलेलं आयुष्य या घरात, या परसात काढायचं होतं.

"नाही माय," ती म्हणाली. "तवा समजलं असतं तरी हेच झालं असतं. काही फरक नसता पडला."

जनकाबाई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू तिरस्कार आला.

"मले वाटलंच, तू हेच सांगशीन," ती म्हणाली. "आपल्या हातानं भाऊ मारला, हे कोण कबूल करते?"

तिनं पिठाचं पातेलं उचललं, बाजेच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि लेकीकडे पाठ करून उरलेल्या वड्या एकटीच घालू लागली.